कुलूप नाही, म्हणून प्रवेश नाही

माझी सासुरवाडी शनिशिंगणापूरची. पुण्यात ऑफिसमध्ये हे कळलं की प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो. पहिला मोठ्यानं : "तिथं खरंच घरांना दारं नसतात?" दुसरा इकडंतिकडं बघून : "मग जावयाची सोय?" पहिल्याचं उत्तर असं, की जुन्या वस्तीत चौकट असते, चौकटीत दार नसतं. रात्री भटकी कुत्री शिरू नयेत म्हणून एखादी फळी नुसती टेकवून ठेवतात, दिवसा पडदा. दुसऱ्याचं उत्तर, पडदा जाड असतो.

हे सगळं शनिदेवाच्या भरवशावर. पानसनाल्याला पूर आला, पुरात काळी शिळा वाहत आली, गुराख्यानं काठी टोचली तर रक्त आलं, आणि देवानं स्वप्नात येऊन सांगितलं की मला देऊळ नको, आभाळ हेच माझं छप्पर. तेव्हापासून साडेपाच फुटांची ती शिळा चौथऱ्यावर उन्हापावसात तेल पीत उभी आहे. देवच उघड्यावर म्हटल्यावर माणसांना दारं लावून झोपणं बरं दिसेना. जो चोरी करील त्याला साडेसाती. विजेशिवाय चालणारी आणि सात-सात वर्षं हिशेब ठेवणारी सुरक्षाव्यवस्था मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

२०११ च्या जानेवारीत युको बँकेनं इथं बिनकुलपी शाखा उघडली तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं होतं. काचेचं दार, पण कुलूप नाही. काही बातम्यांत खालच्या ओळीत असंही होतं की त्या काचेला नजरेत न भरणारं, दुरून चालणारं विद्युतचुंबकी कुलूप आहे. गावाची श्रद्धाही राहिली आणि बँकेच्या मुख्य कचेरीची झोपही. पुढं २०१५ साली पोलीस ठाणं आलं. त्यालाही पुढचं दार नव्हतं.

तर अशा गावात मी एका कॉम्प्युटरच्या दारात दोन दिवस उभा होतो.

झालं असं. माझ्या मेहुण्याचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला किटल्या घेऊन लोक येतात, दूध काट्यावर जातं, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, पडद्यावर उमटतं, पावती निघते. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून दर ठरतो. त्याच्या खाली गेलं की पैसे कापले जातात आणि तोंड सुरू होतं. "आमच्या गाईला कालपर्यंत चार लागत होती, आज तीन-दोन कशी?" मेहुण्याकडं उत्तर नसतं, कारण त्याचा प्रोग्राम फक्त आजची पावती आणि दहा दिवसांचं बिल काढतो. मागचा सगळा हिशेब त्या कॉम्प्युटरच्या पोटात आहे, पण तो विचारायचा कसा हे प्रोग्राम बसवून गेलेल्या माणसालाच ठाऊक, आणि तो माणूस आता फोन उचलत नाही.

एका शुक्रवारी दुपारी हुलग्याचे शेंगोळे ओरपताना मी म्हणालो, "त्यात काय? आतमध्ये डेटाबेस असणार. ब्राउजरवर चालणारं एखादं क्वेरी टूल त्याला जोडून देतो. मोबाइलवर बसल्या जागी काय पाहिजे ते विचार. पंधरा मिनिटांचं काम."

शेंगोळ्यांचा दोष. पिठलं-भाकरी असती तर मी एवढं बोललो नसतो.

ज्यांनी हे धंदे केले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेटाबेसचं इंजिन म्हणजे तळघरात बसलेला कारकून. सगळ्या वह्या त्याच्याकडं, स्मरणशक्ती दांडगी, पण त्याला एसक्यूएल सोडून दुसरी भाषा येत नाही आणि तो स्वतःहून कधी वर येत नाही. क्वेरी टूल म्हणजे आपण आणि कारकून यांच्यामधला माणूस. आपण ब्राउजरात विचारायचं, त्यानं खाली जाऊन उत्तर आणायचं. आणि या माणसाला कारकुनाशी बोलायला आणखी एक माणूस लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी हे मेहुण्याला समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे लटकू." शिंगणापूरला गेलेल्यांना लटकू सांगायला नको. घोडेगावला मोठा रस्ता सोडला, रसवंतीचे बैल मागं पडले, की जो मोटारीला लटकतो आणि तुम्हाला देवाच्या आधी तेलाच्या दुकानात नेतो, तो लटकू. मी म्हटलं, हो, लटकूच. संगणकशास्त्राच्या एकाही पुस्तकात मला ड्रायव्हरची इतकी नेमकी व्याख्या मिळालेली नाही.

केंद्राच्या कॉम्प्युटरात मायएसक्यूएल निघालं, जुनं. टूल मी माझ्या लॅपटॉपवर टाकलं आणि वायफायवरून दार वाजवलं. मायएसक्यूएलचं दार म्हणजे ३३०६ क्रमांकाचं पोर्ट. कोणी मुद्दाम बदलला नाही तर सगळ्या जगात त्याचा घर नंबर हाच.

नकाराचेही प्रकार असतात हे मला त्या दुपारी समजलं. पहिला प्रकार 'टाइम्ड आउट'. तुम्ही हाक मारता आणि पलीकडून काहीच नाही. नाही म्हणायचीही तसदी नाही. अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं की विंडोजची फायरवॉल मधल्या मधे माझ्या हाका गिळते आहे. तिला बाजूला केलं तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. ही प्रगती होती. आता निदान "इथं कोणी राहत नाही" असं कोणीतरी ओरडून सांगत होतं. मायएसक्यूएलला फक्त १२७.०.०.१ वर कान देऊन बसवलेलं होतं. हा पत्ता म्हणजे स्वतःचंच घर. घरातला घरात बोलला तर ऐकायचं, बाहेरच्याची हाक कानावरच घ्यायची नाही. ते बदललं, सर्व्हिस बंद करून चालू केली, आणि तिसरा नकार आला : 'होस्ट इज नॉट अलाउड'. म्हणजे आता दार उघडून, मला खालून वर न्याहाळून, मग नाही.

यातली गंमत अशी, की मायएसक्यूएलला तुम्ही कोण एवढं सांगून भागत नाही, कुठून आलात हेही त्याच्या लेखी नावाचाच भाग असतं. 'रूट' हा मालक. पण 'लोकलहोस्टवरून आलेला रूट' आणि 'ओसरीवरून आलेला रूट' ही त्याच्या वहीत दोन वेगळी माणसं आहेत, आणि ओसरीवरचा रूट वहीत नव्हताच. हे वाचून मला त्या प्रोग्रामबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. जावयाचं तरी दुसरं काय असतं? सासुरवाडीत रूट, स्वतःच्या घरी परतला की होस्ट नॉट अलाउड.

आणि खरं तर त्या इंजिनाला जावयांचं वावडं असणं साहजिक आहे. मायकेल विडेनियस नावाच्या फिनलंडच्या गृहस्थानं १९९५ साली ते काढलं आणि थोरल्या मुलीचं नाव दिलं. तिचं नाव माय. पुढं त्यानंच दुसरं इंजिन काढलं तेव्हा धाकटीचं नाव दिलं, मारियाडीबी. दोन्ही लेकींच्या दारात जगभरचे लोक तीस वर्षं ताटकळत उभे आहेत आणि बाप आतून विचारतोय, पासवर्ड काय?

संध्याकाळचं दूध संपलं तेव्हा मी लॅपटॉपचा नाद सोडला आणि टूल थेट केंद्राच्या कॉम्प्युटरवरच टाकायचं ठरवलं. फायरवॉल आणि मायएसक्यूएलचे कान होते तसे परत केले. पीएचपीमायॲडमिन हे या जातीतलं सर्वांत प्रसिद्ध, १९९८ पासूनचं. पण पसारा फार. म्हणून ॲडमिनर घेतलं. एका चेक माणसानं लिहिलेलं, पीएचपीची एकुलती एक फाइल. पिशवी नाही, वळकटी नाही, एका वस्त्रानिशी येणारा पाहुणा. आता पाहुणा घरात, कारकून घरात, पत्ता लोकलहोस्ट, नाव रूट. पासवर्डाच्या जागी काय लिहायचं?

"पासवर्ड काय ठेवलाय रे?"

मेहुण्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी शनीच्या चौथऱ्याला किल्ली मागतोय. "दाजी, आपल्या गावात?"

खरोखरच नव्हता. प्रोग्राम बसवणाऱ्यानं रूटला पासवर्ड दिलाच नव्हता. त्यानं गावाची रीत पाळली का आळस केला हे देव जाणे; पण माझा आनंद गगनात मावेना. पासवर्डाची चौकट रिकामी सोडली, एंटर दाबलं.

ॲडमिनरनं सांगितलं की पासवर्ड नसलेला डेटाबेस मी उघडत नाही.

मी तीनदा वाचलं. चूक पासवर्ड दिला म्हणून हाकलतात, समजू शकतो. पासवर्ड विसरला म्हणून हाकलतात, रोज अनुभवतो. पण इथं घर उघडं होतं, मालक हसतमुख होता, आतला कारकून यायला तयार होता, आणि पाहुणाच उंबऱ्यावर हटून बसला होता की आधी कुलूप लावा, मग ते उघडून मी आत येतो. २०१८ पासून त्याची ही अट आहे. पीएचपीमायॲडमिनसुद्धा मुळात असंच. त्याला निदान एक सेटिंग बदलून समजावता येतं.

आजेसासूबाई पलंगावर बसून हे सगळं बघत होत्या. नव्वदी उलटली आहे. "काय झालं ओ पाव्हणं?"

"आजी, हा म्हणतो कुलूप नाही म्हणून आत येणार नाही."

त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. "मंग त्याला म्हणावं, नको येऊ."

मी आजींचं ऐकायला हवं होतं. पण दहा वाजले होते, मेहुणा शेजारी बसला होता, मेहुण्याची बायको चहाचा तिसरा कप घेऊन उभी होती, आणि पंधरा मिनिटांचं काम सात तासांवर गेलं होतं. पुरुषाच्या हातून बहुतेक मोठ्या चुका अशाच प्रेक्षकांसमोर होतात. मी रूटला पासवर्ड दिला. त्या घरातलं पिढ्यान्‌पिढ्यांतलं पहिलं कुलूप.

पाहुणा लगेच आत आला. कारकून खुलला. चार वर्षांचा हिशेब पडद्यावर धो धो वाहू लागला. मी सकाळ-संध्याकाळची सरासरी काढून दाखवली : संध्याकाळची फॅट जवळजवळ प्रत्येकाची जास्त, सकाळची कमी. रात्रीचं अंतर मोठं पडतं, दूध जास्त साठतं आणि पातळ लागतं, हे गोठ्यात सगळ्यांना माहीत असतं; पण आकड्यांत पाहिल्यावर मेहुण्याला ते नव्यानं पटलं. "दाजी, हे उद्या रांगेत दाखवतो," तो म्हणाला. रात्री मी कृतार्थ झोपलो. पडदा वाऱ्यावर हलत होता.

सकाळी सहाला मला उठवायला मेहुणा आला नाही, रांग आली. चौकटीला दार नसल्याचा हाही एक परिणाम आहे. संतप्त जमावाला वाजवायला काही नसतं, तो सरळ येतो. केंद्राचा प्रोग्राम उघडत नव्हता. बरोबरच होतं. त्याच्या पोटात 'रूट, पासवर्ड रिकामा' हे कायमचं कोरलेलं होतं. तो बिचारा चार वर्षं रोज दोनदा उघड्या घरात शिरत होता. आज डोकं कुलपावर आपटलं. 'ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर रूट ॲट लोकलहोस्ट, यूजिंग पासवर्ड : नो.' त्या शेवटच्या शब्दात टोमणा आहे. नुसतं नाही म्हणत नाही, रिकाम्या हातानं आलास हेही चारचौघांत सांगतो.

शनिवार होता. रस्ता मोटारींनी भरलेला, किटल्यांतलं दूध तापायला लागलेलं, आणि बातमी रांगेच्या शेपटापर्यंत पोचलेली की पुण्याच्या जावयानं डेअरीला कुलूप घातलं. एकानं शांतपणे विचारलं, "जावईबापू, शनिवारच सापडला का?" दुसरा म्हणाला, "साडेसाती लागायला चोरीच करावी लागती असं नाही." मेहुण्यानं वहीवर वजन लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि मी लेंग्यावर, तोंड न धुता, रूटचं कुलूप काढायला बसलो. सहा-चाळीसला कुलूप निघालं, प्रोग्राम हसत उघडला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग दुपारी शुद्धीवर आल्यावर जे आदल्या दिवशीच करायचं ते केलं. रूटला हात लावायचा नाही. 'पाव्हणा' नावाचा वेगळा यूजर काढायचा, लोकलहोस्टपुरता, त्याला पासवर्ड द्यायचा आणि हक्क फक्त वाचायचा, सिलेक्टचा. लिहायचं, खोडायचं, पुसायचं काही नाही. ॲडमिनरला कुलपाचा हट्ट आहे ना, मग त्यानं स्वतःचं कुलूप स्वतःच्या गळ्यात अडकवून यावं आणि उघडून आत बसावं. घर होतं तसं उघडं. हे वाक्य मी आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आता शहाण्यावानी बोललात."

पुण्याला परतताना मला मात्र त्या हटवादी फाइलीचा राग येईना. तिचंही चुकत नाही. २०१७ च्या जानेवारीत जगभर हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच उघडे सापडले. चोरांनी आतला माल पुसला आणि खंडणीची चिठ्ठी ठेवली. २०२० च्या जुलैत तर कोणीतरी उघडे डेटाबेस शोधून आतली माहिती उडवायचा आणि तिच्या जागी गिचमिड अक्षरं आणि एकच शब्द ठेवून जायचा : मियाँव. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही, नुसतं मियाँव. शिंगणापुरात फळी कुत्र्यासाठी लावतात. मांजराचा विचार कोणी केलेला नाही. आणि इंटरनेटवर कुठल्या चौथऱ्यावर तेल घालायचं? २०२५ च्या जुलैत आपल्याच विधानसभेत विषय निघाला की शिंगणापूरच्या देवस्थानाच्या नावानं बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळले गेले. चोर आला तो गावातल्या एकाही बिनदाराच्या चौकटीतून आला नाही.

तसे बिनकुलपी डेटाबेस चांगल्या घरांतही नांदतात. एसक्यूलाइट नावाचं इंजिन आहे. त्याला सर्व्हर नाही, यूजर नाही, पासवर्ड नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. ज्या मोबाइलवरून मी मायएसक्यूएलच्या नावानं बोटं मोडत होतो त्याच्या पोटात अशा कितीतरी फाइली निवांत पडल्या होत्या. त्यांचा भरवसा एवढाच, की जिथं आपल्याला ठेवलंय त्या घरावर कोणाचं तरी लक्ष असेल. जगातल्या जवळजवळ प्रत्येक खिशात एक शिंगणापूर आहे म्हणा ना.

तीन आठवड्यांनी मेहुण्याचा फोन. आवाज पडलेला.

"दाजी, ते तुमचं पाव्हणा बंद करता येतंय का?"

"का रे? चालत नाही?"

"चालतंय, त्योच तर घोळ आहे."

पासवर्ड कोणी विसरू नये म्हणून त्यानं तो दराच्या फळ्यावर, साडेतीन-साडेआठच्या खाली, खडूनं लिहून ठेवला होता. केंद्राच्या वायफायवर रांगेत उभ्या उभ्या पोरांनी आधी आपापली फॅट पाहिली. मग शेजाऱ्याची पाहिली. मग मेहुण्यांची, व्याह्यांची, आणि भावकीची तर पार चार वर्षं मागं जाऊन पाहिली. 'सिलेक्ट मार' हा वाक्प्रचार गावात रूढ झाला. एका घरच्या दुधाचं एसएनएफ नेमकं पाहुणेरावळे आल्याच्या दिवसांत कसं उतरतं हे एका बी.एस्सी. झालेल्या पोरानं तारखांसकट सिद्ध केलं. ते घर आणि त्या पोराचं घर आता एकमेकांशी बोलत नाहीत. कुणाचं बिल कितीचं, कुणी कितीची उचल घेतली, सगळं चव्हाट्यावर. चोरी कशाचीच झालेली नव्हती. सगळ्यांनी नुसतं वाचलं होतं, आणि वाचायचा हक्क मीच दिला होता.

"मग आता पासवर्ड बदलू? फक्त तुलाच ठेवू?"

"नको. मंग म्हणतील डेअरीला कुलूप घातलं." मेहुणा घुटमळला. "आजी म्हणती, दार नसतं आपल्याकडं, पण पडदा असतोय. तसं काही आहे का तुमच्यात?"

होतं. डेटाबेसमध्ये त्याला व्ह्यू म्हणतात. मूळ वही आत तशीच राहते. पुढं एक चौकट लावायची, तिच्यातून दिसावं तेवढंच दिसतं. नावं झाकता येतात, उचल झाकता येते, दाखवायची तेवढी सरासरी दाखवता येते. मग पाव्हण्याला वहीपाशी जाऊ द्यायचं नाही, त्याला या चौकटीपुढंच उभं करायचं. मी म्हणालो, नावं काढून नुसते खाते नंबर ठेवतो. तो म्हणाला, नंबर तर सगळ्यांना सगळ्यांचे पाठ आहेत. मी म्हणालो, मग नंबरही काढतो. तो म्हणाला, मंग राहिलं काय बघायला? यावर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प राहिलो.

"पंधरा मिनिटांचं काम आहे," मी सवयीनं म्हणालो.

मागून आजींचा आवाज आला. "शनिवारी नका म्हणावं. आन्‌ इचार त्यांना, कापड किती लागंल?"